बाळाशी गट्टी जमवायची कशी? पाचव्या महिन्यापासून सव्वा महिन्यापर्यंत

आधी एक कबुली. थोरली झाली तेव्हा मला तिच्यापेक्षा झोप प्यारी होती. माया लागली ती सावकाश, तिचं करता करता. त्यामुळे "बघताक्षणी पान्हा फुटला" असं कुणी सांगितलं, तर ऐकून सोडून द्या.

सुरुवात पोटात असतानाच करा. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्यांत कळते. रात्री जेवणं उरकली की कुशीवर पडा, पोटावर हात ठेवा आणि लाथ बसेल तिथं हलकेच थोपटा. सहावा महिना सरता सरता बाळाला आवाज कळू लागतात आणि त्यात आईचा सगळ्यात जवळचा. बोलायचं काय? भाकरी थापताना भाकरीचंच बोला. एखादी ओवी धरा आणि रोज तीच म्हणा. जन्मल्यावर तोच सूर त्याला ओळखीचा वाटेल. आपल्या बेळगावात आजी कन्नडमध्ये बोलत असेल तर बोलू दे, जोजो दोन्हीकडे जोजोच! पुढच्या महिन्यांत हालचाल कमी वाटली, तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

बाळंतपणाला पुढून उघडणारा गाऊन घ्या. सिस्टरना आधीच सांगून ठेवा: बाळाला पुसून लगेच माझ्या छातीवर, उघड्या अंगावर ठेवा. आपल्याकडं निम्म्या वेळा सिस्टर कन्नडच बोलतात, तेव्हा हे पाठ करा: "कूसन्न नन्न एदी म्याल इड्री." दोघं ठीक असाल तर सिझेरियननंतरही हे जमतं. पहिल्या तासात अंगावर पाजा. पिवळसर चीक पिळून टाकायचा नाही. मध, गुटी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध.

माहेरी आलात की खरी लढाई. न्हाऊ घालणाऱ्या बाई बाळाला घेतात, आजी झोपवते, मावशी दुपटी बदलते, आणि आई नुसती दूध पाजायची धनी! शेकशेगडीची हौस असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा, कोंडलेला धूर दोघांनाही घातक. तेल लावायचं काम मात्र स्वतःकडे मागून घ्या. मांडीवर आडवं घ्या, तळहात चोळून गरम करा, पायापासून वर चला. त्याला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणून तोंड जवळ न्या. ते डोळे रोखून बघेल, तुम्ही थांबा. जांभई दिली, मान वळवली की पुरे.

बाळाचे बाबा उद्यमबागेत फौंड्रीत पाळीवर असतील, तर रविवारी येऊन पेढे वाटून जाऊ नयेत. शर्ट काढून तासभर बाळाला छातीवर झोपवावं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते बहुधा ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही बाळ नकोसं वाटत असेल, तर ते तुमचं पाप नव्हे, आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार आले, तर घरात सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. आईसमोर बोलायला संकोच वाटला, तर आशाताई येतील तेव्हा आईला चहा टाकायला पाठवा. तेवढा वेळ पुरतो.