राइप अ‍ॅटलासवर क्रेडिट वाचवा

राइप अ‍ॅटलास म्हणजे जगभर ठेवलेल्या छोट्या उपकरणांतून (प्रोब) इंटरनेटचं मापन करणारं जाळं. इथे नवं मापन लावलं की क्रेडिट, म्हणजे मापनासाठी खर्च होणारे गुण, भराभर संपतात, आणि हवी ती माहिती पुष्कळदा तिथे आधीच असते.

१. आधी सार्वजनिक मापनांत आपल्याला तपासायचा इंटरनेट पत्ता शोधा. रूट डीएनएस सर्व्हरांना (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधणाऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेले सर्व्हर) तर सगळे प्रोब सतत पिंग करतच असतात, म्हणजे उत्तर येतं का ते तपासत असतात. ते निकाल फुकट उतरवता येतात.

२. नाहीच सापडलं, तर ५-१० प्रोबवर एकदाच चालणारं मापन लावा. ट्रेसरूटच्या (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या मापनाच्या) शेवटी नुसत्या चांदण्या (*) दिसल्या, तर फायरवॉल उत्तर अडवत असण्याची शक्यता मोठी. हे इथेच कळलेलं बरं.

३. मग प्रोब वाढवा. देश आणि एएसएन (नेटवर्कचा क्रमांक) पाहून. युरोपातले प्रोब सर्वाधिक आहेत, त्यामुळे सरासरी तिकडेच झुकते.

जपायचं एकच: बरेच प्रोब स्वयंसेवकांच्या घरच्या राउटरला लावलेले असतात. त्यांना अडचणीत आणेल अशा पत्त्याकडे मापन रोखू नका.