चारपैकी दोन पंप तरी चालतील का? द्विपद संभाव्यतेने असे तपासा

आग विझवायला चार पंप आहेत आणि कोणतेही दोन चालले तरी भागते. ऐन वेळी ही यंत्रणा दगा देण्याची शक्यता किती? हे द्विपद संभाव्यतेने काढता येते: प्रत्येक पंप एकतर चालतो किंवा बंद राहतो, त्यावरून ठरावीक संख्येने पंप चालण्याची शक्यता मोजायची.

आधी ‘यंत्रणा फसली’ म्हणजे काय ते लिहून काढा. इथे एकच पंप चालला किंवा एकही चालला नाही, तर ती फसली.

मग एक पंप सुरू न होण्याची संभाव्यता काढा. ती चाचण्यांच्या नोंदवहीतून घ्या, माहितीपत्रकातून नको. ४० चाचण्यांत ४ वेळा पंप सुरू झाला नसेल, तर ०.१ धरा. नोंदवहीत एकही बिघाड नसेल, तर मात्र शून्य धरू नका! ६० चाचण्या सुरळीत पार पडल्या, तरी ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की बिघाडाची संभाव्यता सुमारे ०.०५ पेक्षा जास्त नाही.

आता आकडेमोड. चारही पंप बंद राहण्याची संभाव्यता: ०.१ × ०.१ × ०.१ × ०.१ = ०.०००१. फक्त एक ठरावीक पंप चालून बाकीचे तीन बंद: ०.९ × ०.१ × ०.१ × ०.१ = ०.०००९. पण चालणारा पंप चारपैकी कोणताही असू शकतो, म्हणून चारने गुणा: ०.००३६. नवखे लोक हमखास हा गुणाकार विसरतात. बेरीज ०.००३७, म्हणजे दहा हजार वेळांत ३७.

दोनऐवजी तीन पंप लागणार असतील, तर नेमके दोनच चालण्याची शक्यताही बिघाडात जमा होते. अशा जोड्या सहा: ६ × ०.८१ × ०.०१ = ०.०४८६. एकूण ०.०५२३. पंप तेच, पण धोका चौदा पट.

हे सगळे गणित एका गृहीतकावर उभे आहे: प्रत्येक पंप स्वतंत्रपणे बिघडतो. मला सर्वांत जास्त शंका इथेच येते. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात त्सुनामीच्या एकाच तडाख्यात आपत्कालीन डिझेल जनरेटरांची वीज गेली. फक्त सहाव्या युनिटचा, हवेने थंड होणारा एक जनरेटर टिकला. आपल्या पंपांचे ५ टक्के बिघाड सामाईक कारणाने, म्हणजे चारही पंप एकदम बंद पाडणाऱ्या कारणाने, होतात असे धरा. तेवढ्यानेच ०.०५ × ०.१ = ०.००५ ही भर पडते, म्हणजे आधीच्या ०.००३७ पेक्षाही जास्त.

म्हणून आकडा कागदावर मांडण्याआधी यंत्रणेभोवती एक फेरी मारा. चारही पंपांना एकच इंधनटाकी आहे का? एकच वीजपॅनेल? एकाच दिवशी, एकाच माणसाने चौघांचीही देखभाल केली होती का?