पहिला फ्लॅश घेताना ताकदीआधी डोके पाहावे

नवशिक्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर बहुधा कॅमेऱ्यासोबतच मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स असते, आणि मुंबईतल्या घरात संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात तिची मर्यादा लगेच लक्षात येते. ५५ मिलिमीटरवर तिचे छिद्र एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. त्यामुळे एकतर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवून चित्रातले दाणे पत्करावे लागतात, नाहीतर शटर संथ ठेवून हललेली चित्रे. कॅमेऱ्यातूनच वर उघडणारा छोटा फ्लॅश प्रकाशाची कमतरता भरून काढतो खरा, पण तो आकाराने लहान, लेन्सच्या अगदी जवळ आणि कायम समोर रोखलेला असल्यामुळे कपाळ चकाकते, डोळे लाल येतात आणि माणसाच्या मागे भिंतीवर काळी कड उमटते. हे दोष प्रकाश कमी पडल्याने नव्हे, तर तो चुकीच्या दिशेने आल्याने होतात. म्हणून बाह्य फ्लॅश घेताना पहिला प्रश्न त्याची ताकद किती हा नसून त्याचे डोके, म्हणजे प्रकाश फेकणारा वरचा भाग, कुठे कुठे वळते हा असला पाहिजे.

अगदी स्वस्त फ्लॅशपैकी काहींचे डोके फक्त वर उचलले जाते, डावी-उजवीकडे फिरत नाही. कॅमेरा आडवा धरलेला असेपर्यंत ही उणीव जाणवत नाही. मात्र एखाद्याचे उभे चित्र घेण्यासाठी कॅमेरा उभा केला की वर केलेले डोके बाजूच्या भिंतीकडे पाहू लागते आणि छताकडे प्रकाश पाठवण्याचा मार्गच उरत नाही. वर ९० अंश आणि दोन्ही बाजूंना फिरणारे डोके ही अट पैसे वाचवण्यासाठीही सोडू नये. मुंबईतल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये छत साधारण नऊ फुटांवर आणि पांढऱ्या रंगाचे असते, आणि फ्लॅशचा प्रकाश त्यावर टाकून खाली घेण्यासाठी यापेक्षा सोयीची रचना सापडणे कठीण. चाळीतल्या खोलीत पोटमाळा आड येत असेल तर जवळची पांढरी भिंत वापरावी. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

ताकद सांगणारा आकडा म्हणजे गाईड नंबर, आणि जाहिरातींत ग्राहकाची सर्वांत जास्त दिशाभूल याच आकड्याने होते. आयएसओ १०० वर गाईड नंबरला छिद्राच्या आकड्याने भागले की प्रकाश किती मीटरपर्यंत पुरेल ते मिळते. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा गाईड नंबर १२ धरला, तर एफ ५.६ वर तो जेमतेम दोन मीटर जातो. २८ चा बाह्य फ्लॅश पाच मीटर जातो. खोक्यावर ६० हा आकडा दिसला तर तो डोक्याच्या कोणत्या झूमवर, म्हणजे झोत किती अरुंद असताना, मोजला आहे ते आधी वाचावे. गोडॉक्सच्या टीटी ६०० चा ६० हा आकडा डोके २०० मिलिमीटरवर असतानाचा, म्हणजे प्रकाशाचा झोत सर्वांत अरुंद केलेला असतानाचा आहे. योंगनुओच्या वायएन ५६० मालिकेचा ५८ हा १०५ मिलिमीटरवरचा आहे. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून दोन युनिटचा फरक काढणे निरर्थक आहे. शिवाय एकाच झूमवर मोजलेले ४२ आणि ६० घेतले तरी त्यांच्यातला फरक केवळ एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाचा, असतो, आणि तो आयएसओ १०० वरून २०० केला की भरून निघतो.

घरातल्या वापरासाठी किती ताकद लागते याचा हिशेब आपला आपण मांडता येतो. माणूस दोन मीटरवर, छत नऊ फुटांवर आणि फ्लॅश व चेहरा दोन्ही सुमारे दीड मीटर उंचीवर असतील, तर छतावरून येणाऱ्या प्रकाशाचा प्रवास साधारण तीन मीटरचा होतो, आणि छतावर आदळून विखुरताना आणखी दोनेक स्टॉप वाया जातात असे धरून चालावे. आयएसओ ४०० आणि एफ ५.६ वर या सगळ्यासाठी आयएसओ १०० वरचा १८ च्या आसपासचा गाईड नंबर पुरतो. झोत रुंद असताना, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या सुमारास, ३० चा गाईड नंबर देणारा फ्लॅश असल्यास हाताशी एक स्टॉपहून जास्त शिल्लक राहते. उंच छताची जुनी मंगल कार्यालये याला अपवाद आहेत. तिथे छताचा नाद सोडून डोक्यामागे पांढरे कार्ड लावून प्रकाश पुढे वळवणे बरे. मोकळ्यावर तर छतच नसते, त्यामुळे मरीन ड्राइव्हवर प्रकाश पसरवण्यासाठी फ्लॅशला बसवलेली प्लास्टिकची टोपी बहुतेक प्रकाश समुद्राला अर्पण करते. (समोरच्या दिव्यांची रांग उजळावी म्हणून फ्लॅश मारणारेही तिथे रोज दिसतात.)

आता जोडणीचा भाग, जिथे पैसे खरोखर वाया जाऊ शकतात. कॅमेऱ्याच्या हॉट शूच्या, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅश बसवण्याच्या खाचेच्या, मध्यभागी धातूचा एक मोठा गोल बिंदू असतो आणि साधे मॅन्युअल फ्लॅश केवळ त्याच्या आधारावर उडतात. कॅननने २०० डी मार्क टू यांसारख्या काही प्राथमिक कॅमेऱ्यांतून हा मधला बिंदू काढून टाकला आहे. अशा कॅमेऱ्यावर एका बिंदूवर चालणारा फ्लॅश चढतो, पण पेटत नाही. म्हणून खरेदीला जाण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा शू उजेडात नीट पाहावा, आणि मधला बिंदू नसल्यास विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगून त्याच कॅमेऱ्यावर फ्लॅश चालवून दाखवायला लावावा. सोनीच्या २०१२ पर्यंतच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा शू वेगळ्याच घडणीचा आहे, तेव्हा जुना सोनी वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. घरातल्या कपाटात सापडलेला फिल्मच्या काळातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावूच नये, कारण त्यांपैकी काहींच्या संपर्कबिंदूवर शंभर-दोनशे व्होल्टचा दाब असतो आणि तो कॅमेऱ्याचे सर्किट जाळू शकतो.

मॅन्युअल की टीटीएल, हा प्रश्न बजेटशी बांधलेला आहे. टीटीएल फ्लॅश मुख्य चमकेआधी एक छोटी चमक टाकून कॅमेऱ्याकडून मोजमाप घेतो आणि ताकद स्वतः ठरवतो. मॅन्युअलमध्ये पूर्ण ताकदीपासून १/१२८ पर्यंतचे टप्पे आपण ठरवायचे. त्याच कंपनीचा टीटीएल फ्लॅश मॅन्युअलच्या जवळपास दुप्पट किमतीला पडतो, आणि कॅमेरा कंपनीचा स्वतःचा फ्लॅश त्याहून बराच महाग असतो. टीटीएल घेताना नावापुढचे अक्षर तपासावे: गोडॉक्सच्या टीटी ६८५ मध्ये सी म्हणजे कॅनन, एन म्हणजे निकॉन, एस म्हणजे सोनी, आणि चुकीचे अक्षर घरी आले तर टीटीएलचा उपयोग शून्य. पळणारी मुले आणि लग्नाची गर्दी टिपायची असेल तर टीटीएलवर खर्च करावा. घरातले गणपती, पदार्थ किंवा विक्रीच्या वस्तू टिपणाऱ्याला मॅन्युअल पुरेसा आहे, इतकेच नव्हे तर माझ्या मते तो अधिक लवकर शिकवतो. छतावरून येणारा प्रकाश खोलीभर बऱ्यापैकी सारखा पसरत असल्याने दोन पावले पुढेमागे झाल्यावर ताकद बदलण्याची गरजही फारशी पडत नाही.

हाय स्पीड सिंकसाठी, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपेक्षा वेगवान शटरवरही फ्लॅश वापरता येण्यासाठी, जादा पैसे मोजण्याआधी आपला कॅमेरा ती सोय देतो का ते पाहावे. निकॉनच्या डी ३५०० आणि डी ५६०० मध्ये ती नाही, आणि तिथे फ्लॅशसह शटर १/२०० च्या पुढे नेता येत नाही. फ्लॅशमध्येच रेडिओ रिसिव्हर असेल तर पुढे तो कॅमेऱ्यापासून दूर ठेवता येतो. त्याला दुरून पेटवणाऱ्या ट्रिगरचा खर्च वेगळा.

बहुतेक स्वस्त फ्लॅश चार एए सेलवर चालतात. साधे सेल पूर्ण ताकदीला लवकर दमतात, त्यामुळे २००० एमएएचच्या आसपासचे रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल आणि चार्जर यांचे पैसे फ्लॅशच्या किमतीतच धरावेत. पावसाळ्यात सेल आत ठेवून फ्लॅश कपाटात बंद करू नये; मुंबईच्या दमट हवेत सेल पाझरले की खाचेतल्या पट्ट्या गंजतात. सेल काढून, सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून काही वेळा पेटवावा, म्हणजे आतला वीज साठवणारा कपॅसिटरही सुस्थितीत राहतो.

प्रत्यक्ष हाताळून घ्यायचे असल्यास फोर्टमध्ये, सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. जाताना आपला कॅमेरा आणि चार्ज केलेले सेल बरोबर न्यावेत. फ्लॅश शूवर बसवून त्याला आवळणारी चकती घट्ट होते का, डोके वळवल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येत नाही ना, आणि पूर्ण ताकदीला लागोपाठ आठ-दहा वेळा पेटवल्यावर प्रत्येक चित्राचा उजेड सारखा येतो का, हे पाहावे. वापरलेला फ्लॅश घेत असल्यास सेलच्या खाचेतला हिरवट थर आणि पुढच्या काचेआडची काळवंडलेली नळी या दोन खुणा दिसताच तो परत करावा. जीएसटीचे बिल आणि वॉरंटीचे कार्ड, दोन्हींवर अनुक्रमांक लिहून घ्यावा. केवळ दुकानाच्या शब्दावरची वॉरंटी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

घरी आल्यावर कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून आयएसओ ४००, एफ ५.६, शटर १/१२५ आणि फ्लॅश १/४ ताकदीला लावावा, डोके छताकडे करावे आणि कुणालातरी दोन मीटरवर बसवावे. चित्र काळपट आले तर ताकद १/२ करावी, पांढुरके आले तर १/८. चेहरा ठीक पण मागची खोली अंधारी वाटली तर फ्लॅशला हात न लावता शटर १/६० पर्यंत खाली आणावे, कारण शटरचा परिणाम खोलीतल्या दिव्यांच्या उजेडावर होतो, फ्लॅशच्या चमकेवर होत नाही. आरासीतले पिवळे दिवे चित्रात उतरवायचे असतील, तर तेच शटर आणखी खाली, १/३० पर्यंत नेऊन पाहावे.