बैजिक राशी सोपी करताना प्रत्येक पायरीचे कारण कसे द्यावे

क्ष हे अक्षर एखाद्या संख्येच्या जागी उभे असते, त्यामुळे संख्यांना लागू पडणारे बेरीज-गुणाकाराचे सर्व नियम त्यालाही तंतोतंत लागू पडतात. म्हणून सरावाच्या काळात प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या नियमाने लिहिली, ते नोंदवावे. नियम सांगता येत नसेल, तर ती पायरी बहुधा चुकलेली असते.

७ + ३क्ष − २(क्ष − ४) + क्ष ही राशी घेऊ. क्रमनिरपेक्षता (क्रम बदलला तरी उत्तर तेच राहणे) आणि साहचर्य (गट बदलला तरी उत्तर तेच राहणे) हे गुणधर्म बेरजेला आहेत, वजाबाकीला नाहीत. त्यामुळे पदे हलवण्यापूर्वी प्रत्येक वजाबाकी विरुद्ध संख्येच्या बेरजेत बदलावी.

७ + ३क्ष + (−२)[क्ष + (−४)] + क्ष

आता वितरणाच्या नियमाने, म्हणजे अ(ब + क) = अब + अक या नियमाने, कंस सोडवावा. येथे (−२) ने कंसातील दोन्ही पदांना गुणायचे असते, आणि (−२) × (−४) = ८ असल्यामुळे दुसरे पद धन होते. अनेक चुका याच ठिकाणी होतात, कारण घाईत पहिल्या पदाला गुणले जाते आणि दुसऱ्याचे चिन्ह तसेच राहते.

७ + ३क्ष + (−२क्ष) + ८ + क्ष

आता सर्वत्र बेरीजच असल्याने पदांचा क्रम व गट हवा तसा बदलता येतो. सजातीय पदे (येथे क्ष असलेली पदे एकीकडे आणि नुसत्या संख्या दुसरीकडे) एकत्र आणून, एकट्या क्षचा सहगुणक, म्हणजे त्याला गुणणारी संख्या, १ आहे हे ध्यानात ठेवून, वितरणाचा नियम उलट वापरावा: (३ − २ + १)क्ष + (७ + ८), म्हणजेच २क्ष + १५.

येथे थांबावे. २क्ष + १५ चे १७क्ष करता येत नाही, कारण सामाईक काढण्याजोगा क्ष दुसऱ्या पदात नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देऊन हेच सांगितले आहे: समान जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीच्या वेगळ्या ठेवाव्यात.

शेवटी ताळा करावा. क्ष = ५ घेतल्यास मूळ राशी ७ + १५ − २ + ५ = २५ आणि उत्तर १० + १५ = २५ येते. ताळ्यासाठी ०, १ किंवा २ घेऊ नये. ० घेतल्यास सहगुणकाची चूक झाकली जाते, १ घेतल्यास क्ष आणि क्ष² सारखेच दिसतात, तर २ घेतल्यास २क्ष आणि क्ष² एकच होतात. एका किमतीसाठी ताळा न जुळल्यास चूक नक्की असते. जुळला तरी उत्तर सिद्ध होत नाही, सिद्धता नियमांनीच होते.

गुणाकारात ३क्ष × ४य = १२क्षय हे क्रमनिरपेक्षता व साहचर्य यांमुळे मिळते. मात्र ३(क्षय) म्हणजे ३क्ष × ३य नव्हे, कारण गुणाकाराचे वितरण बेरजेवर होते, गुणाकारावर नाही. वर्गाचेही तसेच आहे. (क्ष + ३)² हे (क्ष + ३)(क्ष + ३) असे सुटे लिहून दोनदा वितरण केले की क्ष² + ६क्ष + ९ मिळते, आणि मधले ६क्ष गाळण्याचा मोह आपोआप टळतो.

भागाकारात (क्ष + ६) ÷ ३ चे क्ष ÷ ३ + २ असे दोन भाग करता येतात, कारण ३ ने भागणे म्हणजे एकतृतीयांशने गुणणे. ६ ÷ (क्ष + ३) चे मात्र तसे भाग पडत नाहीत: क्ष = ३ असता त्याची किंमत १ आहे, तर ६ ÷ क्ष + ६ ÷ ३ ची किंमत ४ येते.