जुनी दुनळी बंदूक: नेमबाजीसाठी निवड आणि अंगाशी जुळवणी

ट्रॅप आणि स्कीटच्या, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्या छर्ऱ्यांनी फोडण्याच्या, स्पर्धांत आज जवळजवळ सर्वत्र एकावर एक नळ्या असलेली बंदूक दिसते, तरीही शेजारी-शेजारी नळ्यांच्या जुन्या दुनळीने तबकड्या फोडणारे नेमबाज अजून आहेत. आपल्याकडे अशी बंदूक बहुधा वारशाने आलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप), बर्मिंगहॅम किंवा लंडनची असते. विक्रेता प्रथम तिचे नक्षीकाम दाखवतो, मग अक्रोडाच्या लाकडाची झळाळी आणि नळ्या अगदी शेवटी. खरेदीदाराने नेमक्या उलट क्रमाने पाहावे. खांद्याला लागणारा लाकडी दस्ता कापता, वाढवता, वाकवता येतो आणि चापाची कुरकुर दुरुस्त होते, परंतु पातळ झालेली नळी कोणताही कारागीर पुन्हा जाड करू शकत नाही.

त्याआधी कायद्याची बाजू पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना हाती असल्याशिवाय बंदूक ताब्यात घेता येत नाही. खासगी मालकाकडून ती घ्यायची असेल, तर त्याने विक्रीचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यावर किमान ४५ दिवस जावे लागतात. दुरुस्तीचे कामही परवानाधारक कारागिराकडेच द्यावे लागते. म्हणून विसार देण्यापूर्वी परवान्यावर बंदुकीचा प्रकार, बोअर आणि क्रमांक जुळतो का, हे पाहावे.

बंदूक हाती घेताच ती उघडून दोन्ही कोठ्या (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची पोकळी) रिकाम्या असल्याची खात्री करावी आणि मगच पुढची तपासणी सुरू करावी. नळ्या सोडवून उजेडाकडे धराव्यात आणि आतल्या भिंतीवर पडणारी सावलीची रेघ पाहत नळी हळूहळू फिरवावी. रेघ सरळ धावली तर ठीक. ती मध्येच तुटली किंवा वाकली तर तिथे पोचा आहे. कोठीच्या पुढे आणि तोंडाजवळ गंजाचे खड्डे आढळतात. वरवरचे ठिपके चालतात, पण खोल खड्डे घासून काढले की धातू जातो आणि खरा धोका तिथेच असतो. जुन्या कारागिरांनी अनेकदा आतून घासून आरसा केलेला असतो, त्यामुळे चकचकीत नळी पाहून हुरळून जाऊ नये. भिंतीची जाडी मापकाने मोजून घ्यावी. २० हजारांश इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही खालची मर्यादा सामान्यतः मानली जाते. त्यानंतर नळ्या खालच्या आकड्याला लटकवून बोटाच्या सांध्याने टिचकी मारावी. घंटेसारखा आवाज घुमला तर दोन्ही नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा डाक (झाळ) शाबूत आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तो सुटलेला आहे आणि आत पाणी शिरून गंज चढण्याची शक्यता आहे.

नळ्यांच्या पोटावरचे शिक्के हे बंदुकीचे दप्तरच असते, आणि ते न वाचता पैसे मोजणारे लोक पाहून मला नेहमी आश्चर्य वाटते. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम अशी दोन परीक्षागृहे, म्हणजे जादा दाबाचे बार काढून नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्था, आहेत. बर्मिंगहॅमचे १८१३ मध्ये स्थापन झाले. बिनधुराच्या दारूची परीक्षा झाल्याचा शिक्का नसेल, तर ती बंदूक काळ्या दारूच्या काळातली समजावी. तिच्या नळ्या दमास्कसच्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) वेलबुट्टीच्या असतील तर ती भिंतीवर शोभते. आधुनिक काडतूस तिच्यात घालू नये. १९५४ च्या नियमांनुसार मारलेल्या शिक्क्यांत नळीचा व्यास हजारांश इंचात असतो आणि दाब टनांत, म्हणजे अडीच इंची कोठीला ३ टन आणि पावणेतीन इंची कोठीला सव्वातीन टन. बारा बोअरचा नाममात्र व्यास ०.७२९ इंच. शिक्क्यावरच्या मापापेक्षा आज नळी १० हजारांश इंचाहून अधिक रुंद भरली, तर ती मूळ परीक्षेच्या कक्षेबाहेर गेली असे समजावे.

कोठीच्या लांबीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जुन्या दुनळीची कोठी बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी असते. काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या कवचाची असते, त्यामुळे ७० मिमीचे न उडालेले काडतूस ६५ मिमीच्या कोठीत अलगद बसते आणि घेणाऱ्याला वाटते की सारे ठीक आहे. प्रत्यक्षात कवच उलगडताना पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. काडतूस बसते, एवढ्यावर कधीही भरवसा ठेवू नये. कोठी मोजावी आणि पेटीवरची लांबी वाचावी.

ॲक्शनसाठी, म्हणजे नळ्या उघडण्या-मिटण्याच्या यंत्रणेसाठी, सोपी परीक्षा अशी: नळ्यांखालचा पुढचा लाकडी तुकडा काढून बंदूक बंद करावी, दस्ता काखेत घट्ट धरावा आणि नळ्या बाजूला हलवून पाहाव्यात. खडखड जाणवली, किंवा उजेडापुढे धरल्यावर नळ्या आणि मागची भिंत यांमध्ये फट दिसली, तर सांधा झिजला आहे. वरचा खटका बंद स्थितीत मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबावा. तो डावीकडे गेला असेल तर झीज पुष्कळ झाली आहे. सुरक्षाकळ आणि दोन्ही चाप नकली काडतुसे घालून तपासावेत.

चोकचा, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा आवळणाऱ्या नळीच्या तोंडाजवळच्या अरुंदपणाचा, विचार खेळाप्रमाणे करावा. शिकारीसाठी बनलेल्या जुन्या दुनळीत उजवी नळी अर्ध्या-पाव चोकची आणि डावी पूर्ण चोकची असे जोड पुष्कळदा आढळतात. तबकडी दूर पळत जाणाऱ्या ट्रॅपला ते शोभतात. स्कीटच्या जवळच्या तबकडीसाठी मात्र ते घट्ट पडतात. चोक घासून उघडता येतो, पण पुन्हा आवळता येत नाही, म्हणून मी तरी आधी पुठ्ठ्यावर छर्ऱ्यांचा पसारा मोजल्याशिवाय हे काम कोणाला सांगणार नाही. मोजणी ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात करतात: पूर्ण चोकला साधारण ७० टक्के छर्रे आत यावेत, अर्ध्या चोकला ६०.

आता जुळवणी. प्रथम आपला प्रबळ डोळा (दोन्ही उघडे असताना ज्याने नेम धरला जातो तो) कोणता हे तपासावे, कारण उजव्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल तर दस्त्याची कोणतीही दुरुस्ती पुरेशी ठरत नाही. पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंतची लांबी साडेचौदा इंचांच्या आसपास असते. उंच माणसाला ती अपुरी पडते. जुन्या दस्त्यांची मागची बाजू बरीच खाली झुकलेली असते, त्यामुळे गाल टेकवला की डोळा नळ्यांच्या मागे लपतो आणि मार खाली जातो. उजव्या हाताच्या माणसाला दस्ता अष्टमांश ते पाव इंच उजवीकडे वळलेला लागतो.

मोजमापावर थांबू नये. पुठ्ठा १६ यार्डांवर उभा करावा, त्यावर एक ठिपका काढावा, आणि रेंजच्या नियमांनुसार, शक्यतो प्रशिक्षकासमोर, नेम न रोखता बंदूक पटकन खांद्याला लावून बार काढावा. पाच-सहा बारांचा सरासरी मध्य पाहावा. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत अंतर सुमारे एक यार्ड असते, म्हणून दस्त्याची गाल टेकण्याची वरची कड इंचाच्या सोळाव्या भागाने उंचावली की १६ यार्डांवरचा मार एक इंच वर जातो. मार तीन इंच खाली पडत असेल तर कड तीन-सोळांश इंच उंचवावी. लाकूड तासण्यापूर्वी चामड्याच्या पट्ट्या चिकटवून आठवडाभर तसेच खेळून पाहावे. ट्रॅपची तबकडी चढती असल्यामुळे तिथे मार थोडा वर राहिलेला चांगला.

दस्ता डावी-उजवीकडे वाकवण्यासाठी त्याच्या अरुंद भागावर कारागीर गरम तेल ओततो आणि लाकूड मऊ झाल्यावर शिकंजात धरतो. रेषा तिरप्या असलेले लाकूड यात तडकू शकते. लांबी वाढवायला रबरी पॅड पुरतो.

जुन्या दुनळीचे वजन तीन किलोच्या आसपास असते. २४ ग्रॅम छर्ऱ्यांच्या हलक्या काडतुसांनी तिचा धक्का सुसह्य राहतो, परंतु पंचवीस तबकड्यांच्या फेरीत नळ्या तापतात आणि पुढचा लाकडी तुकडा बोटे झाकण्याइतका रुंद नसतो. त्यासाठी नळ्यांवर सरकवायचा चामड्याचा हातरक्षक पहिल्याच दिवशी घ्यावा, आणि दस्त्याची अंतिम मापे तो चढवूनच ठरवावीत, कारण त्याने पुढच्या हाताची पकड बदलते.