चेफालू कसे पाहावे : पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

इटलीतील सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे चेफालू हे गाव पालेर्मोहून रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे बहुतेक प्रवासी ते अर्ध्या दिवसात उरकतात. माझा आग्रह आहे की तिथे किमान दोन रात्री मुक्काम करावा, कारण दिवसभराची गर्दी ओसरल्यावर आणि ती येण्यापूर्वी सकाळीच हे गाव नीट पाहता येते.

पुण्याहून निघणाऱ्यांनी मे महिन्याच्या सुटीचा बेत असल्यास शेंगेन व्हिसाची तयारी हिवाळ्यातच सुरू करावी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत किमान 30,000 युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. तिथे गाडी चालवायची असेल, तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. मात्र जुन्या गावात वाहनांवर निर्बंध असल्याने नुसत्या चेफालूसाठी गाडीची गरज नाही. जुलै-ऑगस्टची गर्दी आणि उकाडा टाळावा. दिवाळीची सुटी ऑक्टोबरात येत असेल, तर तो काळ उत्तम, कारण तेव्हाही समुद्राचे पाणी बऱ्यापैकी उबदार असते.

पहिली सकाळ 'ला रोका' या सुमारे 270 मीटर उंच कड्यासाठी ठेवावी. सिंहगड चढणाऱ्याला ही चढण जड जाणार नाही, परंतु दगड गुळगुळीत झालेले असल्यामुळे पकड असलेले बूट आणि पुरेसे पाणी हवेच. वाटेत 'डायनाचे मंदिर' म्हणून ओळखली जाणारी, प्रचंड शिळांची प्राचीन वास्तू लागते. तिच्यापाशी थांबून मगच माथ्यावरच्या तटबंदीकडे जावे.

कॅथेड्रलसाठी मात्र घाई करू नये. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने 1131 मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले, आणि गर्भगृहाच्या अर्धघुमटातील ख्रिस्ताचे सोनेरी मोझेक 1148 मध्ये, बायझंटाईन परंपरेतील कारागिरांच्या हातून, साकारले. ख्रिस्ताच्या हातातील उघड्या ग्रंथात एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन भाषेत 'मी जगाचा प्रकाश आहे' हे वचन आहे. रॉजरच्या राज्यात ग्रीक, लॅटिन आणि अरबी या तिन्ही भाषांत कारभार चालत असे, हे लक्षात घेतले की त्या दोन पानांचा अर्थ अधिक खोल जाणवतो. मला या गावातले सर्वांत मोलाचे दर्शन हेच वाटते. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत, आणि दुपारी दार बंद असू शकते हे गृहीत धरावे. जवळच मध्ययुगीन धुणीघाट आहे. तिथल्या दगडी कुंडांतून डोंगरातले पाणी आजही वाहते.

शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही. वांग्याची कापोनाता, वांगी-टोमॅटोचा पास्ता आला नोर्मा आणि हरभऱ्याच्या पिठाची पानेल्ले हे पदार्थ निर्धास्त मागवावेत. आरांचिनी म्हणजे तळलेल्या भातगोळ्यांत मात्र बहुधा मांस असते, म्हणून आधी विचारावे.

दुसऱ्या दिवशी बसने मादोनिए डोंगररांगेतील कास्तेलबुओनो गाठावे. तिथे चौदाव्या शतकातला वेंतिमिल्या घराण्याचा किल्ला आहे, आणि परिसरात अॅश जातीच्या झाडांच्या सालीला चिरा पाडून 'मान्ना' हा गोड, घट्ट होणारा रस उन्हाळ्यात आजही गोळा केला जातो. तिथे उतरताच परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घ्यावी. रविवारी जाणे शक्यतो टाळावे.