ब्रॉयलरच्या खाद्यात सरकीची ढेप कशी वापरावी

सोयाबीन डीओसीचे, म्हणजे तेल काढून घेतलेल्या सोयापेंडीचे, भाव चढले की नागपूर परिसरातील ब्रॉयलरपालकाची नजर आधी सरकीच्या ढेपेकडे वळते, कारण कापसाच्या या पट्ट्यात ती जवळपास कुठेही मिळते. मात्र गाईम्हशींसाठी विकली जाणारी ढेप बहुधा सालासकट गाळलेली असते. तिच्यात प्रथिने जेमतेम 22 ते 24 टक्के, तर तंतू 20 टक्क्यांच्या वर असतात. ब्रॉयलरच्या एकूण खाद्यात तंतू 5 टक्क्यांच्या आत ठेवायचे असल्यामुळे कोंबड्यांसाठी साल काढलेल्या सरकीचीच ढेप घ्यावी, जिच्यात प्रथिने 36 ते 40 टक्के भरतात.

दुसरी अडचण गॉसिपॉलची, म्हणजे सरकीत मुळातच असलेल्या विषारी द्रव्याची आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हे द्रव्य बऱ्याच अंशी बांधले जाते. कोंबडीला ती सोय नाही. म्हणून प्रत्येक नव्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन प्रथिनांबरोबर मुक्त गॉसिपॉलही तपासून घ्यावे आणि तयार खाद्यात ते किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. फार तापवून गाळलेल्या ढेपेत मुक्त गॉसिपॉल कमी आढळते, पण त्याच उष्णतेने लायसिन हे प्रथिनांतील आवश्यक अमिनो आम्लही अडकून पडते, त्यामुळे काळपट, करपट वासाचा माल स्वस्त मिळाला तरी नाकारलेला बरा.

पहिले तीन आठवडे पिलांना ही ढेप देऊ नये. त्यानंतर क्विंटलभर खाद्यात 5 किलो सोया डीओसीऐवजी 5 किलो ढेप घालून सुरुवात करावी. सोयात लायसिन सुमारे 2.8 टक्के, तर ढेपेत 1.6 टक्के असते, म्हणजे 5 किलोमागे 60 ग्रॅमची तूट येते; ढेपेतील लायसिन पचतेही कमी, म्हणून ही तूट 75 ग्रॅम धरून सुमारे 95 ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड घालावे. ढेपेत किलोमागे 1 ग्रॅम मुक्त गॉसिपॉल निघाले, तर क्विंटलमध्ये ते 5 ग्रॅम होते. ते बांधून टाकण्यासाठी तितक्याच वजनाचे लोह द्यावे लागते, आणि त्यासाठी खाद्यप्रतीचे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, 25 ग्रॅम लागते. ही दोन्ही द्रव्ये थेट मिक्सरमध्ये टाकू नयेत. आधी दोन किलो मक्याच्या भरड्यात हाताने नीट कालवून मगच ओतावीत, नाहीतर एका पोत्यात सगळे आणि दुसऱ्यात काहीच नाही, असा प्रकार होतो.

सूर्यफुलाच्या आणि तिळाच्या ढेपेत मेथिओनिन हे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल चांगले असते, लायसिन मात्र कमीच. जवसाची ढेप विदर्भात मिळते, पण तिच्यातील चिकट द्रव्यामुळे विष्ठा चिकट होऊन लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा, ओले राहते आणि तिच्यातील एक घटक जीवनसत्त्व बी-6 चे काम अडवतो. त्यामुळे ब्रॉयलरसाठी 3 टक्क्यांपुढे जाऊ नये. भुईमुगाची ढेप अफ्लाटॉक्सिनच्या, म्हणजे बुरशीच्या विषाच्या, तपासणीशिवाय घेऊच नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

बदललेले खाद्य लगेच सगळ्या शेडला न देता शंभर पक्षी जाळी लावून वेगळे काढावेत, जुन्या खाद्यावरचे तितकेच पक्षी शेजारी ठेवावेत, आणि दर आठवड्याला दोन्हीकडचे वजन व उचललेले खाद्य वहीत लिहावे. एक किलो वजनवाढीमागचा खाद्यखर्च नव्या बाजूला कमी निघाला, तरच पुढच्या लॉटमध्ये ढेपेचे प्रमाण 7 किलोपर्यंत न्यावे, आणि लायसिन व हिराकस त्याच हिशेबाने वाढवावे.